अर्थिंगला पाणी

मायाप्पा मूळचा वळसंगचा, पण त्याचं नाव झालं ते सोलापुरात, यंत्रमागाच्या शेडांमध्ये. पूर्व भागात जिथं गल्लीगल्लीतनं मागांचा खडखडाट चालायचा आणि माणसं एकमेकांशी तेलुगूत ओरडून बोलायची, तिथं 'वळसंगचा वायरमन' म्हणलं की शेंबडं पोरगंसुद्धा वाट दाखवायचं. कारण एकच. मायाप्पा आला की बंद माग चालू व्हायचा. फ्यूज उडाला, घाल जाड तार. स्टार्टर चिकटेना, दे फळीचा टेकू. मोटार तापली, लाव शेजारी पंखा, पण थांबू नको. माग थांबला की मालकाचा जीव वर-खाली व्हायचा आणि मागावरच्या माणसाचा रोज बुडायचा. म्हणून आधी चालू करायचं आणि मग बरोबर करायचं, अशी त्याच्या हाताला सवयच लागून गेली होती. आता खरं सांगायचं तर ते 'मग' कधी उगवत नव्हतं. चालू झालेल्या मागाकडं परत कोण बघायला जातंय?

पुढं शेडं एकेक करून बंद पडली. मायाप्पा वळसंगला परत आला, मोपेडच्या पुढं पिशवी अडकवली आणि अक्कलकोट रोडला नव्यानं उठलेल्या कॉलन्यांमधनं पंखे, बोर्ड, मोटारी बघत फिरायला लागला. पन्नाशी उलटली होती. कुठल्याही लोखंडाला हात लावायच्या आधी तो उलटा हात लावून बघायचा. कुणी विचारलं तर सांगायचा, "सुलट्या हाताला करंट घावला तर मूठ आवळतीया, मग सुटत न्हाय. उलट्याला घावला तर हात आपसूक मागं फेकला जातोय." हे ज्ञान त्याला फुकट मिळालं नव्हतं. एकदा शेडात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या वेळी दवाखान्यात आया होती शालन. हाताची पट्टी सुटेपर्यंत तिनं त्याला चमच्यानं आमटी-भात भरवला होता, आणि भरवता भरवता शिव्याही घातल्या होत्या. "इजंशी खेळतोस व्हय रे? आ कर, आ. अजून एक घास." तेव्हापासनं ती त्याची आक्का झाली. तिचा पोरगा दिपक त्याला मामा म्हणायला लागला.

दिपक मोठा झाला, शिकला, अक्कलकोटच्या एका ज्युनियर कॉलेजात मास्तर लागला. शालनआक्का रिटायर झाली आणि मायलेकांनी मिळून अक्कलकोट रोडला बिल्डरकडनं दोन खोल्यांचं घर घेतलं. रोजची मोटरसायकल करून दिपकची कंबर मोडली. पेट्रोलचं रडगाणं होतंच. त्यात कुणीतरी त्याच्या कानात भरवलं की इलेक्ट्रिक गाडी पाण्यासारखी स्वस्त पळते. नवी झेपणारी नव्हती. मग पुण्यातल्या एका डॉक्टरनं चार वर्षं वापरलेली, उंच चाकांची पांढरी गाडी त्यानं आणली. जीपसारखी दिसायची, पण जीप नव्हती. मोटारीसारखी चालायची, पण आवाज म्हणून नव्हता. पहिल्याच दिवशी कॉलनीच्या तोंडाला एक म्हैस रस्त्यात बसली होती. दिपकनं गाडी पार तिच्या शेपटीपर्यंत नेली तरी तिनं मान वळवली नाही. शेवटी खाली उतरून, हातवारे करून उठवावी लागली. कोपऱ्यावरचा किराणावाला शिवू म्हणला, "सर, गाडीबरोबर घंटी बी घ्यायची हुती की!"

गाडी गुणाची होती, पण नव्या सुनेसारखे तिचे एकेक स्वभाव कळत गेले. कागदावर लिहिलं होतं, एकदा चार्ज केली की तीनशे किलोमीटर. डॉक्टर म्हणाला होता, अडीचशे तर कुठं जात नाहीत. सोलापूरच्या एप्रिलात एसी लावला की दीडशेला काटा धापा टाकायला लागायचा. एसी बंद करावा तर माणूस धापा टाकायचा. पोटातल्या बॅटरीचं वजन एवढं की टायर बघता बघता गुळगुळीत झाले. विमावाल्यानंही बॅटरीचं नाव काढूनच आकडा फुगवला. वॉरंटीचं विचारायला गेलं तर पहिल्या मालकाच्या सह्या लागत होत्या, आणि तो डॉक्टर परदेशी गेला होता. एका सकाळी तर गाडीचं दारच उघडेना. कंपनीला फोन लावला तेव्हा कळलं की मोठ्या बॅटरीशिवाय आत एक बारकी बॅटरी असते, ती मेली की सगळं ठप्प. शालनआक्का म्हणाली, "पोटात येवढं धान्य भरलंया, आन दार उघडायची किल्ली भिकाऱ्याकडं!" दिपक हसला, पण त्याच्या तोंडावर हसू टिकत नव्हतं. गाडी घ्यायचा हट्ट त्याचाच होता.

मग एका संध्याकाळी घरचा चार्जरच रुसला. प्लग लावला की लाल दिवा. काढला, लावला, पुसला, परत लाल. कंपनीच्या माणसानं फोनवरनं सांगितलं, अर्थिंग तपासा. शालनआक्कानं मायाप्पाला बोलावलं.

अर्थिंग म्हणजे वाट चुकून लोखंडावर आलेला करंट माणसाच्या अंगातनं न जाता गुपचूप जमिनीत पळून जावा म्हणून केलेली सोय. खोल खड्डा, तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा, आणि ती जागा सदा ओली. मायाप्पानं अंगणातल्या कडीपत्त्याच्या झाडासमोर, दुसऱ्या कडेला गाडीशेजारी असलेलं सिमेंटचं झाकण उचकटलं, खालचा पाईप धरून जरा हलवला, तर वीतभर पाईप मुळा उपटावा तसा हातात आला.

"ह्ये तर नुसती टोचणी लावलीया जिमिनीला तुमच्या बिल्डरनं," मायाप्पा म्हणला.

"मग आता?" दिपक.

"खड्डा घ्यावा लागंल की सर. वर मुरूम, खाली खडक. ब्रेकर आणून फोडायचं. दोन दिस तरी जात्याल."

"दोन दिवस? मामा, उद्या सकाळी करमाळ्याला निघायचंय. संघप्रियाच्या पोराचं बारसं हाय."

संघप्रिया म्हणजे दिपकची बहीण. पहिलं बाळंतपण, पहिला नातू, आणि पाळणा आजोळकडनं जायचा. तो पाळणा सागवानी, कातीव दांड्यांचा, दारात उभा होता. शालनआक्कानं त्याला फुगे बांधून ठेवले होते. ती दारात येऊन म्हणाली, "मायाप्पा, पाळणा काय एश्टीच्या टपावर टाकू व्हय रे? कायतरी कर बाबा. तुज्या हातनं आजवर काय बंद राह्यलंय?"

हे शेवटचं वाक्य नसतं बोलली तर बरं झालं असतं. त्या वाक्यासरशी मायाप्पाचा हात जुन्या वाटेला लागला. त्यानं सॉकेट उघडलं. आत तीन तारा. एकीतनं करंट येतो, दुसरीतनं परत जातो, तिला न्यूट्रल म्हणतात, आणि तिसरी अर्थिंगची. मायाप्पानं बोटभर तार सोलली आणि आतल्या आत अर्थिंगचं टोक न्यूट्रलला जोडून टाकलं. चार्जर बिचारा यंत्र. त्याला वाटलं, जमीन घावली. हिरवा दिवा लागला.

शालनआक्कानं टाळ्या वाजवल्या. नव्या गाडीचं पहिलं काम धकवणाऱ्या कारागिराला टॉवेल-टोपी करायची, म्हणून तिनं आतनं नवाकोरा टॉवेल आणला, जाडजूड, आपल्या सोलापूरचाच. मायाप्पाच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. दिपक पाया पडला. मायाप्पाला वाटलं, आत्ता सांगावं. पण टोपी घातलेल्या माणसाला कसं सांगता येतंय? बारशावरनं आली की खड्डा करू, असं तो मनाशी म्हणला.

"मग आता ह्याला पथ्यपाणी काय?" शालनआक्कानं दवाखान्याच्या सवयीनं विचारलं.

मायाप्पानं उपटलेला पाईप परत भोकात खुपसला, वर झाकण ठेवलं आणि तोंडातनं येऊ नये ते येऊन गेलं. "रोज सकाळी बादलीभर पाणी घाला आक्का. वलं राह्यलं की अर्थिंग धरून राहतंय."

बोलणं खोटं नव्हतं. खऱ्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालावंच लागतं. फक्त तिथं अर्थिंग नव्हतं.

पाळणा करमाळ्याला पोचला. वाटेत चार्जिंगची सोय असलेलं एक हॉटेल होतं, तिथल्या मशिनीखाली कुत्रं झोपलं होतं आणि मशीन कुत्र्याहून गाढ झोपली होती. संघप्रियाच्या घरातनं वायर ओढून रात्रभर गाडी लावली आणि एक मुक्काम वाढला. परत आल्यावर दिपकनं फोन करून हे सगळं हसत हसत सांगितलं. मायाप्पाही हसला. खड्ड्याचं तेवढं राहिलं. मग लग्नसराई लागली, मांडवांच्या लाईटी, कुलरांची दुरुस्ती. वळसंगवरनं सोलापूरला येताना त्या कॉलनीचा फाटा लागायचा. मायाप्पा तिथं मोपेड जरा जोरात काढायला लागला.

घरात टॉवेल घडीवर घडी तसाच पडून. त्याची बायको अक्कम्मा कर्नाटकातली. ती एक दिवस म्हणाली, "एनात री? काय झालंय? येवढा भारी टॉवेल, आन तुमी अंग लुंगीला पुसायलाव?"

"ठिव तसाच."

"देवाला वाहायचाय व्हय?"

"ठिव म्हणलं ना!"

अक्कम्मानं टॉवेल ट्रंकेत टाकला. नवरा टॉवेलवरनं का खेकसला, हे काही तिला कळलं नाही.

मे लागला. नळाला पाणी चार दिवसाआड, तेही करंगळीएवढं. एकदा भाजीच्या गाड्यापाशी शालनआक्कानं मायाप्पाला गाठलंच.

"काय रे, तोंड चुकवतोस व्हय माजं? पाणी काय म्या चुकवलं न्हाय हं! कापडं दोन दिसाला धुतीया, भांडी राखंनं घासतीया, पन अर्थिंगची बादली पयली काढून ठिवती. दिपक म्हणतोय, आई, तू देवाचं येवढं केलं नाहीस कधी. म्या म्हणलं, आपला देव फोटूतला हाय, त्यो पाणी मागत न्हाय. ह्यो मागतोय."

मायाप्पा गाड्यावरच्या भाजीकडं बघत राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं. तिच्या हातातली पिशवी घ्यायला तो पुढं झाला तर ती म्हणाली, "जपून. हातातनं सुटतंया आजकाल. सकाळ-सकाळ हाताला मुंग्या येत्यात बघ."

"मुंग्या?"

"व्हय. पाणी घालून झालं की गाडीला धरून उठती, तवा तर लईच. कोपरापर्यंत झिणझिण."

मायाप्पानं पिशवी तिच्या हातातनं काढून घेतली. त्याला त्याच क्षणाला कळलं होतं. निदान अर्धं तरी. पण अर्धं कळलेलं माणूस सोयीनं अर्धंच ठेवतो. तो म्हणला, "साखर असंल आक्का. वय झालं की येत्यात मुंग्या. दाखवा की डॉक्टरला."

तिनं दाखवलं. साखर जराशी काठावर निघाली. गोळी चालू झाली. तिनं फोन करून सांगितलं, "तुज्यामुळं वेळंवर कळलं बघ." त्या दिवशी मायाप्पा जेवायला बसला आणि आमटी-भाताचं ताट त्यानं तसंच सरकवलं. अक्कम्मा म्हणाली, मीठ जास्त झालं का? त्यानं हो म्हणून मान हलवली. तेवढंही खोटंच.

मग एका सकाळी शिवूचा फोन आला. "मायाप्पाण्णा, दुकानातला बल्ब येडा झालाय बघा. मधीच भक्कन पेटायलाय, मधीच मिणमिणायलाय. शेजारच्यांचा तर टीव्ही उडाला. या की जरा."

मायाप्पाच्या हातातला चहा हातातच राहिला. बल्ब असा कमी-जास्त होतो तो एकाच कारणानं. खांबावरची न्यूट्रल सुटायला आली. म्हणजे गेलेल्या करंटाची परतीची वाटच तुटायला आली. आता तो करंट दुसरी वाट शोधणार. आणि त्या कॉलनीत एका घरात मायाप्पानं स्वतःच्या हातानं तसली वाट करून ठेवली होती. सॉकेटातनं चार्जरात, चार्जरातनं गाडीच्या पत्र्यावर. चाकं रबराची. पत्र्यावर आलेला करंट तिथंच दबा धरून बसणार, कुणाचातरी ओला हात लागेपर्यंत. आणि ही वेळ शालनआक्काच्या बादलीची.

त्यानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. अंगणात काम करताना ती फोन घरातच ठेवायची. दिपकला लावला, तोही उचलेना. मायाप्पा पायात चप्पल न घालताच मोपेडवर बसला. वळसंगपासनं कॉलनीपर्यंतची वाट त्याला त्या दिवशी करमाळ्याएवढी लांब वाटली. वाटेत तो कुठल्याही देवाला काही बोलला नाही. नुसतं तोंडानं "उठू नका आक्का, उठू नका" चाललं होतं.

फाटक उघडंच होतं. शालनआक्का अनवाणी, ओल्या फरशीवर, अर्थिंगच्या झाकणापाशी वाकलेली. बादली रिकामी केली होती. गुडघ्यावर एक हात ठेवून दुसरा तिनं उठायला म्हणून गाडीच्या दाराकडं नेला.

"हात लावू नकाऽऽ!"

मायाप्पा असा ओरडला की समोरच्या घरातली दोन माणसं बाहेर आली. शालनआक्का दचकून तिथंच खाली बसली. बादली गडगडत फाटकापर्यंत गेली.

"मेल्या! साप हाय का काय? जीव गेला असता की माजा!"

"व्हय," मायाप्पा म्हणला. "गेला असता."

त्यानं पिशवीतनं टेस्टर काढला आणि तिच्या देखत गाडीच्या दाराला टेकवला. टेस्टरातला बारका नारंगी दिवा लखलखला. उन्हातही दिसावा एवढा. मग तो पळत जाऊन मीटरजवळचा मेन स्विच पाडून आला. दिपक आतनं बाहेर आला, अर्ध्या गालाला साबण, हातात दाढीचं सामान.

"काय झालं मामा? लाईट का घालवली? मला कॉलेजला जायचंय. गाडी अजून चार्ज व्हायलीय."

"ती लावायची न्हाय. खांबावरची न्यूट्रल ढिली झालीया. गाडीच्या पत्र्यावर करंट हाय."

"पण अर्थिंग आहे की!"

मायाप्पा सॉकेटकडं वळला. तेवढ्यात खाली बसलेली शालनआक्काच बोलली, अगदी बारीक आवाजात.

"दिपक, माजंच चुकलं रे. परवा पाणी आलंच न्हाय, तवा बादली घातली न्हाय म्या. म्हणलं, एक दिस चालतंय. ते वाळलं असंल. म्हूनच झालं असंल, व्हय की न्हाय रे मायाप्पा?"

'व्हय' एवढाच एक शब्द हवा होता. दिपकनं मानलं असतं. आक्कानं तर आधीच मानलं होतं. अर्थिंग वाळलं म्हणायचं, नवा खड्डा करायचा, आतली बोटभर तार काढून खिशात टाकायची आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवायची. मायाप्पानं तिच्याकडं बघितलं. ती फरशीवर बसून स्वतःचा ओला हात लुगड्याला पुसत होती, चूक पुसावी तशी. त्याला भरवलं होतं तोच हात.

"न्हाय आक्का," तो म्हणला. "हितं अर्थिंग न्हवतंच. पयल्या दिसापासनं न्हवतं."

त्यानं सॉकेट उघडलं, आतली तार ओढून काढली आणि दिपकच्या हातावर ठेवली. जे केलं होतं ते सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. सांगायला फार वेळ लागला नाही. लपवायलाच लागला होता.

दिपकच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. "तुमी आईला मारलं असतं मामा," तो म्हणला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मायाप्पाला सोपं गेलं असतं. "आम्ही तुमच्या पाया पडलो."

"व्हय."

"बारसं एक दिवस पुढं ढकललं असतं. पाळणा टेम्पोत टाकला असता. एकदा नुसतं 'होत न्हाय' म्हणायचं होतं."

'होत न्हाय' हे दोन शब्द मायाप्पानं उभ्या आयुष्यात कुणाला म्हणलेच नव्हते. त्यावरच तर त्याचं नाव चाललं होतं.

शालनआक्का भिंतीला धरून उठली. तिनं आधी मायाप्पाकडं बघितलं, मग कडीपत्त्याच्या झाडाकडं. झाडाच्या काड्या झाल्या होत्या. आदल्या वर्षी तिनं ते रोप दवाखान्यातल्या मैत्रिणीकडनं आणून लावलं होतं. रोजची बादली आधी त्याची होती.

"तू मला साखर म्हणालास," ती म्हणाली. मग म्हणाली, "झाड वाळलं माजं." आणि आत गेली. चहाचं विचारलं नाही. त्या घरात मायाप्पाला चहा न मिळाल्याची ती पहिलीच खेप.

खांबावरची न्यूट्रल वीज मंडळाच्या माणसांनी त्याच दिवशी आवळली. मायाप्पानं ब्रेकर आणला, भाड्यानं, स्वतःच्या खिशातनं, आणि अंगण फोडायला घेतलं. वरचा मुरूम लवकर निघाला. खाली काळा खडक लागला. दिपक मोटरसायकलवरनं कॉलेजला जायचा, यायचा, खड्ड्यात डोकावायचा, बोलायचा नाही. उन्हात अंगाचं पाणी होत होतं. शालनआक्कानं पाण्याचा तांब्या खड्ड्याच्या काठावर आणून ठेवला, पण हातात दिला नाही. कडेला ठेवून मागं फिरली. मायाप्पा तो तांब्या प्यायचा आणि ब्रेकर उचलायचा. खडक फोडताना त्याला शेडं आठवत होती. कुठल्या बोर्डात कुठली तार कशी घातली, कुठं फळीचा टेकू दिला, ती शेडं आता कुणाची गोदामं झालीत, कुणाच्या बायका तिथं ओल्या हातानं स्विच दाबत असतील. सगळीकडं जाणं त्याला शक्य नव्हतं. पुढच्या महिन्यात तो त्या जुन्या जोडण्या काढायला दोन ठिकाणी गेला. एकीकडं लोकांनी त्याला येड्यात काढलं.

तांब्याची पट्टी बसली, मीठ पडलं, कोळसा पडला. मायाप्पानं मीटर लावून दिपकला आकडा दाखवला. दिपकनं तो मोबाईलवर तपासून बघितला, मग प्लग लावला. हिरवा दिवा. ह्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

"आता ह्याला पाणी लागंल का?" शालनआक्कानं दारातनं विचारलं.

"लागंल आक्का. पाऊस पडूस्तवर तरी."

"मग ते तू आणायचं," ती म्हणाली. "माजी बादली झाडाची."

म्हणून तो उरलेला उन्हाळा मायाप्पा वळसंगच्या बोअरवरनं दोन कॅन मोपेडला बांधून आणत राहिला. झाकण उचलायचं, पाणी ओतायचं, झाकण ठेवायचं आणि जायचं. काही दिवसांनी चहा परत सुरू झाला. दिपक परत मामा म्हणायला लागला, जरा तोलून. कडीपत्त्याला बुडातनं दोन फुटवे आले. तिच्या मुंग्या गेल्या. गोळी मात्र राहिली, कारण साखर खरोखरच काठावर होती. ट्रंकेतला टॉवेल मायाप्पानं परत न्यायचा विचार केला, पण परत दिलेला आहेर म्हणजे अजून एक अपमान, म्हणून तो तिथंच आहे.

गाडी धडधाकट चालते. परवा शालनआक्काला संघप्रियाकडं जायचं होतं. मायाप्पा कॅन रिकामे करून फाटकापाशी उभा होता. ती पिशवी घेऊन आली, गाडीपाशी थांबली, आणि दार उघडायच्या आधी तिनं हात उलटा करून बोटांची मागची बाजू हळूच पत्र्याला लावून बघितली. काही नव्हतं. मग दार उघडून बसली.

मायाप्पानं तिला हे शिकवलं नव्हतं. तिनं ते बघूनच उचललं होतं. गाडी आवाज न करता फाटकातनं बाहेर पडली, आणि तो रिकामे कॅन हातात धरून तिथंच उभा राहिला.